अमजदच्या बेंजोचा विमा

"छंद?" मी चहाची बशी खाली ठेवली. "अवो सायेब, छंद कबुतरं पाळायचा असतोय. आमचा अमजद चाळीस वरसं त्या बेंजोवर पोट भरतोय."

समोरच्या तरुण साहेबाने ते लिहून घेतले. अंथुर्ण्याच्या स्टँडवर युवराजच्या हॉटेलात आम्ही बसलो होतो. साहेब पुण्याहून आला होता. अमजद मुलाणीची चौकशी करायची आहे, त्यांचे काही पैसे मिळायचे आहेत, एवढेच त्याने सांगितले. मला वाटले, कलावंतांच्या मानधनाची चौकशी आली. तीन वर्षांपूर्वी अमजदचा तो अर्ज परत आला होता. त्यावर शेरा होता, 'कलावंत असल्याचा पुरावा जोडलेला नाही.' पुरावा कुठून जोडणार? कागदोपत्री तो मजूर. तो शेरा मला तेव्हापासून सलत होता. म्हटले, पुरावा पाहिजे ना, घ्या पुरावा.

"म्हणजे पैसे घेऊन वाजवतात?"

"मग काय फुकट? माझ्या थोरल्याच्या लग्नात भर उनात वाजवत हुता. बोटातनं रगात आलं, चिंधी बांधली आन पुन्ना वाजवलं. सुपारी घेतली की मागं हटत न्हाय गडी. पिंपळीपासनं इंदापूरपातूर कुनालाबी इचारा."

"सायेब, लोक लग्नाची तारीख अमजदभाईला इचारून काढत्यात," युवराज भट्टीमागून ओरडला. "भटजी दुसरा मिळतोय, बेंजोवाला मिळत न्हाय."

साहेब हसला. सगळे नीट लिहून कागद माझ्यापुढे सरकवला. "सही कराल?"

मी साठी उलटल्यावर अक्षरे शिकलो. सही म्हटली की पूर्ण नाव काढतो. बिरदेव तात्याबा कोकरे. काढले. साहेबाच्या चहाचे पैसेही मीच दिले.

महिन्याने अमजदच्या बायकोने, करिमाने निरोप पाठवला, आबांना बोलवा. गेलो तर अमजद ओट्यावर बसलेला, हातात पत्र. उन्हाळ्यात त्याच्या घरात वायर जळून बाहेरची खोली पेटली होती. टीव्ही गेला, पंखा गेला, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बॉक्स गेले, आणि बेंजो गेला. तारा बदलायला त्याने तो टेबलावर काढून ठेवला होता. बेंजो ठेवायची पेटी आतल्या खोलीत होती म्हणून वाचली. तो बेंजो त्याने स्वतः बनवलेला. बारामतीच्या भंगारातून जुना टाइपरायटर आणून त्याच्या कळा बसवल्या होत्या. घराचा विमा आहे आणि त्यात बेंजोही लिहिलेला आहे, हे मला त्या दिवशी कळले.

मी पत्र वाचले. पहिल्यांदा अक्षर लावत, दुसऱ्यांदा अर्थ लावत. टीव्ही आणि पंखा मंजूर. पुढे लिहिले होते, 'विमाधारक हे व्यावसायिक वादक आहेत, असे श्री. बिरदेव तात्याबा कोकरे यांच्या लेखी जबाबावरून सिद्ध होते. अर्जात वाद्य छंदासाठी असल्याचे नमूद आहे. घरगुती विम्यात व्यवसायाचे साहित्य येत नाही, सबब वाद्य व ध्वनिसाहित्याचा दावा नामंजूर.'

माझे नाव छापील अक्षरात मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते असल्या जागी.

"म्हंजी टीव्ही बघनाऱ्याला पैसं," करिमा म्हणाली, "आन वाजवनाऱ्याला न्हाय?"

"अर्जात छंद कुनी लिवलं?"

"एजंटनं," अमजद म्हणाला. "अर्ज इंग्रजीत हुता. त्यानंच भरला, मी सही केली. आन आबा, त्याच्याच भावाच्या लग्नात मी वाजवलंय. सुपारी त्यानंच आनून दिलती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मला पयलं का सांगितलं न्हाईस? माझं तोंड तरी शिवून ठेवलं असतं."

"तुमी काय खोटं बोलला?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटारसायकलवर बसून बारामतीला विमा कंपनीत गेलो. काचेच्या दाराचे ऑफिस, आत हुडहुडी भरेल असा गारवा. मॅनेजर गोड बोलत होता. मी उभ्यानेच सुरू केले. "चार वरसं हप्ता घेतला तवा ह्यो काय करतो ते तुमच्या एजंटाला ठावं हुतं. तवा छंद चालला. आता घर जळल्यावर धंदा दिसला व्हय?"

"आजोबा, बसा. मार्ग आहे." त्याने खणातून एक कागद काढला. छापून तयार होता. 'माझी समजण्यात चूक झाली. सदर व्यक्ती व्यवसाय म्हणून वाजवत नाही, हौस म्हणून क्वचित वाजवते.' फक्त नावाची जागा मोकळी. म्हणजे असे कागद त्यांच्या खणात गठ्ठ्याने असणार. "इथे तुमची सही, खाली यांची. फाइल पुन्हा उघडतो. पंच्याऐंशी हजारांचा प्रश्न आहे."

मी पेन घेतले. 'बिरदे'पर्यंत आलो. अमजदने कागदावर हात ठेवला. त्या बोटांना कळांनी पाडलेले घट्टे अजून होते.

"आबा, ऱ्हाऊ द्या."

"आरं, माझ्या तोंडानं गेल्यात, माझ्या हातानं येऊ देत."

"मानधनवाले म्हनले, तू कलावंत न्हाईस. ह्ये म्हनत्यात, न्हाई आसं तूच लिवून दे. हाय म्हनून सही करनारं तुमी एकलं. ती बी खोडता?"

मॅनेजर म्हणाला, "मुलाणी, भावना बाजूला ठेवा. नुकसान तुमचंच आहे."

"सायेब, तुमच्या लग्नात वाजवलं कुनी?"

"बँड होता."

"हौसंनं आलता व्हय त्यो?"

मॅनेजर संगणकाकडे बघू लागला. मी अर्धवट नावाचा तो कागद फाडला आणि तुकडे खिशात घातले. त्यांच्या टोपलीतही टाकावेसे वाटले नाहीत.

आम्ही गावाकडे परतलो. नवा बेंजो करायचा तर पैसे साठेपर्यंत लगीनसराई निघून जाणार. सोमवारपासून तो एमआयडीसीत दुधाचे क्रेट उचलायला जाणार होता. तिथल्या ठेकेदाराने त्याला व्यवसाय विचारला नव्हता, फक्त वजन किती उचलतोस ते विचारले होते.

घरी करिमाने ते नामंजुरीचे पत्र हातात घेतले. रेशनकार्डाच्या डब्यात ठेवायला ती त्याची घडी घालू लागली.

"घडी नको घालू," अमजद म्हणाला.

त्याने आतून बेंजोची पेटी आणली. लाल मखमलीत बेंजोच्या आकाराचा खळगा तसाच होता. पत्र त्यात आडवे ठेवले, कडा हाताने सारख्या केल्या, दोन्ही खटके लावले. मग सुपारीला निघायच्या आधी ठेवायचा तशी ती पेटी त्याने दाराजवळ उभी करून ठेवली.