जपून ठेवलेला आवाज

“ह्या डिस्कचं सील आधी कुणी काढलं?” गिरिजाबाईंनी खोका दारातल्या उजेडाकडं धरून विचारलं.

“कुणीच न्हाई काढलं काकू. कंपनीनंच तिरपं चिकटवलंय,” दुकानदार राधेश्याम म्हणाला.

“तिरपं म्हणजे काढून परत लावलेलं. दुसरं दाखव.”

शेजारी उभा असलेला संघपाल, त्यांचा मुलगा, मान वळवून रस्त्याकडं बघू लागला. बियाण्यांच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून तो आईला मामा चौकाजवळच्या ह्या दुकानात घेऊन आला होता, आणि आल्यापासून दुकानदाराच्या प्रत्येक वस्तूची उलटतपासणी चालली होती.

गिरिजाबाईंचा स्वभावच तसा. केदारखेड्याच्या उपकेंद्रात नर्सबाई म्हणून उभी नोकरी काढली, पण लाइट गेलीच नाही असं शिपायानं शपथेवर सांगितलं तरी फ्रिजमधला थर्मामीटर स्वतः बघितल्याशिवाय त्यांनी कुणाच्या लेकराला लस टोचली नाही. ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नसे. आणि ह्या वेळी जपायचा होता तो नवऱ्याचा आवाज.

भिवाजी, घरातल्यांचे दादा, एसटीत कंडक्टर होते. भोकरदनच्या गाडीत त्यांनी पुढच्या दारातून हाक दिली, तर मागचा उतारू उठायचाच, शिवाय बाहेर शेतात वाकलेला माणूसही वर बघायचा. जयंतीच्या कार्यक्रमात ते गायला उभे राहिले की मंडळाला लाउडस्पीकर लहान केला तरी चालायचं. मग घशाचा आजार निघाला. संभाजीनगरच्या दवाखान्यात स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला. गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर जाळीचा पांढरा रुमाल आला, आणि घर गप्प झालं.

तेव्हापासून गिरिजाबाई आवाज गोळा करत होत्या. लग्नांच्या कॅसेटी, मंडळाच्या पोरांच्या मेमरी कार्डातल्या चित्रफिती, हसनाबादच्या नणंदेच्या, चांगुणाबाईंच्या फोनमधलं गाणं. सगळं त्यांनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. आणि गेल्या काही महिन्यांत त्यातलं एकेक गाणं गायब होत चाललं होतं.

संशय सुनेवर होता. प्रीतीनं मागं एकदा ‘जागा भरली’ म्हणून घरातले सगळे फोन साफ केले होते. त्यात दिवाळीचे फोटो गेले, ते गिरिजाबाई विसरल्या नव्हत्या. म्हणूनच प्रीतीनं “आई, इंटरनेटवर ठेवून देऊ, जळायची-फुटायची भीती न्हाई,” असं सुचवलं, तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले होते.

“इंटरनेटवर म्हणजे नेमकं कुठं? कुणाच्या घरी?”

“घरी न्हाई हो, कंपनीच्या मोठ्या मशिनीत.”

“मंग त्या कंपनीनं उद्या दार लावून घेतलं तर मी कुणाचं दार वाजवू?”

शेवटी संघपालनं घरातच ठेवायच्या पेटीचं नाव काढलं. जाडजूड पुस्तकांच्या गठ्ठ्याएवढी पेटी, आत दोन डिस्क. वाय-फायला जोडली की घरातल्या टीव्हीवर, फोनवर, टॅबवर कुठंही गाणं लावता येतं.

“दोन्हीत एकच माल असतो काकू,” राधेश्याम समजावत होता. “एक मेली तरी दुसरी जिती. नवीन घातली की ती पुन्हा भरून निघते.”

“बोलून दाखवू नको. करून दाखव.”

राधेश्यामनं कपाळावरचा घाम पुसला. दुकानात मांडलेल्या पेटीत त्यानं गिरिजाबाईंच्या पेनड्राइव्हमधलं एक गाणं टाकलं, सुरू केलं, आणि चालू गाण्यात एक डिस्क ओढून बाहेर काढली. भिवाजींचा आवाज एका अक्षरालाही अडखळला नाही. रस्त्यावरून जाणारा एक हातगाडीवाला क्षणभर थांबला.

“बराबर हाय,” गिरिजाबाई म्हणाल्या आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

पेटी घरी आली. हॉलमधल्या कपाटावर, इन्व्हर्टरच्या तारेजवळ तिची जागा ठरली. पासवर्ड टाकताना गिरिजाबाईंनी दुसऱ्या हाताचा आडोसा केला. संघपाल सोडून तो कुणाला सांगायचा नाही, असं बजावलं. प्रीती स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. तिनं कुकरचं झाकण जरा जोरात लावलं.

आता रोज संध्याकाळी हॉलमध्ये भिवाजी गाऊ लागले. कुणी पाहुणा आला की गिरिजाबाई चहाच्या आधी गाणं लावायच्या. “काय आवाज होता!” पाहुणे म्हणायचे. गिरिजाबाईंची मान हलायची, डोळे भरायचे. त्या वेळी भिवाजी कुठं बसलेले असत, हे कुणाच्या लक्षात राहत नसे.

आणि महिना व्हायच्या आत पेटीतलं केदारखेड्याच्या जयंतीचं गाणं नाहीसं झालं. चार दिवसांनी आणखी एक. मग चांगुणाबाईंच्या फोनमधलं.

गिरिजाबाईंनी पेटी पदराखाली घेतली आणि रिक्षानं थेट दुकान गाठलं. “तिरपं सील मी उगाच म्हणत नव्हते.”

राधेश्यामनं पेटी जोडली, बराच वेळ बघितली. “काकू, दोन्ही डिस्का ठणठणीत हायेत. मशिनीनं काहीच खाल्लं न्हाई. हे हातानं काढलेलं हाय.”

“पण दुसऱ्या डिस्कवर असंल ना?”

“एकीतून काढलं की दुसरीतूनबी जातं. डिस्क मेली तर ही पेटी कामाला येते. घरातल्याच माणसानं काढलं तर ती काय करणार? त्यासाठी तिसरी कॉपी लागते, घराच्या बाहेर. मी तवाच सांगायला पायजे होतं.” त्यांचा चेहरा बघून तो घाईनं म्हणाला, “पण काढलेलं काही दिवस एका कोपऱ्यात पडून राहतं. तुमी म्हणाल तर परत आणून देतो. आधी घरात विचारा.”

घरात विचारायचं म्हणजे कुणाला, हे गिरिजाबाईंना पक्कं माहीत होतं.

“ह्या घरात माझ्या माणसाचा आवाज कुणाला टोचतो?” चप्पल काढायच्या आधीच त्यांनी विचारलं.

प्रीती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. “माझ्यावर आळ घेऊन राह्यल्या का, आई?”

“फोन कुणी साफ केल्ते?”

“मीच केल्ते. आन त्याची माफीबी मागितली होती.” प्रीती उठून उभी राहिली. “पेटीला मी बोट लावलं न्हाई. पण एक सांगू? तुमी गाणं लावलं की दादा उठून गच्चीवर जातात. रोज. दुपारी पाहुण्यासाठी लावलं तर भर उन्हात पण जातात. तुमाला एकदाबी दिसलं न्हाई?”

गिरिजाबाईंनी पेटी कपाटावर परत ठेवली. रोज संध्याकाळचा हॉल त्यांनी आठवून बघितला. टीव्ही आठवला, पाहुणे आठवले. भिवाजींची खुर्ची त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ‘बाजारात जाऊन येते’ म्हणून त्या निघाल्या आणि कोपऱ्यावरूनच परत फिरल्या. जिना चढताना आतून गाणं ऐकू आलं. हळू आवाजात लावलेलं. त्याच्या मागं आणखी एक आवाज होता, खरखरीत, ढेकरेसारखा, तुटक. एखादं जड कपाट फरशीवरून ओढावं तसा.

दार लोटलेलं होतं. संघपालनं पासवर्ड टाकून पेटीला जोडून ठेवलेला टॅब मांडीवर घेऊन भिवाजी हॉलमधल्या पलंगावर बसले होते. हवा गिळायची, पोटातून वर ढकलायची आणि तिचाच शब्द करायचा, हे दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना शिकवलं होतं. घरी आल्यावर त्यांनी ते कुणासमोर केलं नव्हतं. आता ते गाण्याबरोबर ओठ हलवत होते, मध्येच एखादा शब्द त्या खरखरीत आवाजात पकडत होते, निसटला की पुन्हा हवा गिळत होते. गाणं संपलं. त्यांनी टॅबवर बोट दाबून धरलं आणि ते गाणं काढून टाकलं.

“अहो,” गिरिजाबाई म्हणाल्या.

ते दचकले. टॅब उशीखाली सारायला गेले, मग राहू दिला. त्यांनी पडद्याकडं बोट केलं आणि हात हवेत झटकला, तो गाणारा गेला, असं सांगत. मग तोच हात स्वतःच्या छातीवर आपटला. एकदा, दोनदा. मी हाय ना, असं ओठ म्हणत होते.

गिरिजाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. भिंतीवर लावायचा फोटो आणि खुर्चीत बसलेला माणूस, ह्यांतला फरक त्यांनी इतके दिवस केलाच नव्हता. “मला कामून न्हाई सांगितलं?” असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि प्रश्न तसाच गिळला. सांगायचं कशानं?

“राधेश्याम म्हणतो, काढलेलं परत येतं,” त्या म्हणाल्या. “आवाज तुमचा हाय. तुमीच ठरवा.”

भिवाजींनी खिडकीबाहेर बघत विचार केला. मग आतल्या खोलीकडं, संघपालच्या लेकीच्या खेळण्यांकडं बोट दाखवलं. तिच्यासाठी राहू दे. पण बोट पुन्हा हॉलच्या टीव्हीवर आलं आणि ठामपणे डावीकडून उजवीकडं हललं.

“न्हाई लावणार,” गिरिजाबाई म्हणाल्या. “बिलकुल न्हाई.”

गाणी परत आली आणि त्यांची तिसरी कॉपी चांगुणाबाईंकडं हसनाबादला गेली. पेटीचा पासवर्ड गिरिजाबाईंनी स्वतः प्रीतीला सांगितला, भाकरी थापता थापता, तिच्याकडं न बघता. प्रीतीनं “बरं” म्हटलं आणि पुढची भाकरी उलटली.

मग एका रविवारी सगळे हॉलमध्ये बसले असताना भिवाजींनी रुमालाखालच्या गळ्याला हात लावला, हवा गिळली, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “गिर... जा. च्या.”

नात घाबरून प्रीतीला बिलगली. संघपालचा हात झटक्यानं फोनकडं गेला, रेकॉर्डिंग सुरू करायला. गिरिजाबाईंनी तो फोन त्याच्या हातातून घेतला, टेबलावर पालथा ठेवला, आणि उठता उठता नवऱ्याला विचारलं, “आलं घालू का?”

भिवाजींनी पुन्हा हवा गिळली. त्याला वेळ लागला. गिरिजाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, उत्तराची वाट बघत.