काकांचे कान कोणी भरले?

संस्थेत सगळेच एकमेकांना ताई-दादा म्हणत, त्यामुळे देणग्या मिळवण्याच्या विभागाची प्रमुख असूनही ताई ही ताईच होती. तोंडात साखर आणि पायाला भिंगरी, या भांडवलावर तिनं बारा वर्षं भल्याभल्यांना पटवलं होतं की तरण्या पोरांच्या हाताला काम शिकवलं तर ती वाया जात नाहीत.

स्प्रिंगवाले काका शुक्रवारी तीन वर्षांच्या देणगीवर सही करणार होते. गाड्यांच्या स्प्रिंगा बनवता बनवता म्हातारा झालेला हा माणूस. सुतारकामाची कार्यशाळा त्यांच्याच पैशावर चालायची. सही हुकली तर कार्यशाळेला कुलूप. आणि बुधवारी त्यांचा फोन आला.

"ताई, शुक्रवारी तुम्ही एकट्याच या. त्या मुलीला आणू नका."

"का हो काका? काही चुकलं का आमचं?"

"या तर खरं, मग बोलू."

ती मुलगी म्हणजे चिमणी. पंधराव्या वर्षी आली तेव्हा होती चिमणीएवढी. आता एकविसाची, ताईपेक्षा वीतभर उंच, नव्या पोरांना रंधा मारायला शिकवणारी. प्रत्येक देणगीदारापुढे ती आपली गोष्ट सांगायची: दारुडा बाप, भर थंडीत घराबाहेर काढलेली पोर, मग संस्थेचा आधार. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत हटकून पाणी यायचं.

कुठंतरी पाणी मुरत होतं. काकांचे कान भरणारा कोण, हे ठरवायला ताईला पाच मिनिटंही लागली नाहीत. तिचा सहायक! सगळे त्याला दादा म्हणत, मनातल्या मनात ती मात्र त्याला गोडबोल्या म्हणे. तिच्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे, अशी तिची दोन वर्षांपासूनची खात्री.

"काका काय म्हणतायत, ताई?" त्यानं विचारलं.

"तुला कसं माहीत त्यांचा फोन आलेला?"

"तुम्ही स्पीकरवर बोलत होतात. सगळ्या ऑफिसनं ऐकलं."

आला मोठा साळसूद! ताईनं सापळा लावला. भेट सोमवारवर गेली, असं फक्त त्याला सांगितलं. काका सोमवारचं बोलले की चोर सापडला. गुरुवारभर ती फोनकडे बघत बसली. फोन काही आला नाही. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, बिचारा निर्दोष आहे. ताई म्हणाली, गोगलगाय आणि पोटात पाय!

शुक्रवारी काकांनी एक कागद पुढे सरकवला. खालच्या मजल्यावर यंत्रं धडधडत होती आणि टेबल बारीक थरथरत होतं. अक्षर चिमणीचं होतं.

'काका, माझी गोष्ट पत्रकात छापून आली, ती बाबांनी वाचली. बाबा प्यायचे हे खरं आहे, पण त्यांनी मला घराबाहेर कधीच काढलं नाही. दीड वर्ष झालं, ते थेंबाला शिवलेले नाहीत. मी गोष्ट सांगायची थांबवली तर तुम्ही कार्यशाळेचे पैसे बंद कराल का?'

तक्रार कुठंच नव्हती. ताईचा उल्लेखसुद्धा नव्हता. घराबाहेर काढण्याचा प्रसंग मात्र ताईनंच घातला होता, गोष्टीला जरा उठाव यावा म्हणून. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सही केलीय मी," काका म्हणाले. "मला लाकूड तासणारी पोरं हवीत, ताई. रडवणारी नकोत. हे तिच्यासमोर बोलायला नको, म्हणून एकट्या या म्हटलं."

ताई तडक कार्यशाळेत आली. चिमणी एका फळीची कड तपासत होती. एवढं सगळं होऊनही मनातलं भूत काही उतरलं नव्हतं.

"तुला दादानं सांगितलं का गं, काकांना लिही म्हणून?"

"दादांनी? त्यांना कुठं काय माहितीये!"

"मग आधी माझ्याकडे यायचं ना, चिमणे. मी काय परकी आहे?"

चिमणीनं फळी खाली ठेवली.

"आले होते की. बाबांनी सोडली तेव्हा सगळ्यात आधी तुमच्याकडेच पळत आले होते. तुम्ही मला मिठी मारलीत आणि म्हणालात, 'वा गं! हे शेवटी घालू या.'"

ताईला तो दिवस लख्ख आठवला. 'बाबांनी दारू सोडली' हे वाक्य तिनं तिथल्या तिथं लिहून घेतलं होतं. पुढं गोष्ट लांबते म्हणून तेवढंच एक वाक्य तिनं काढून टाकलं होतं.