फिकट खुंटी

तीन खुंट्या काळ्या आणि चौथी फिकट... बाबांनी मोडक्या खुर्चीच्या पायातून कोरलेली. मोबाईलवर ती जाहिरात दिसली तेव्हा तिने फोटो बोटांनी ताणून ताणून मोठा केला होता, तो या खुंटीसाठीच. ‘जुनं व्हायोलिन, घरगुती वापरातलं, उत्तम सूर. फोन करू नये, मेसेज करावा.’ खाली पत्ता तिला लहानपणी शिकवणाऱ्या मास्तरांचा. आणि आता ती मास्तरांच्या बैठकीत, व्हायोलिन मांडीवर घेऊन बसलेली, आणि समोर म्हातारा हसतोय — ओळखलंही नाही त्याने.

“नीट तपासून घ्या ताई, मागून कटकट नको,” मास्तर म्हणाले. जरा मोठ्यानेच.

तपासणारच आहे. व्हायोलिनच्या पोटात एक बोटभर काडी उभी असते — चिकटवलेली नाही, नुसती तारांच्या ताणावर टिकून. चारही तारा एकदम सोडल्या की ती पडते आणि वाद्याचा आवाज मरतो. लहानपणी मी तेच केलं होतं, धूळ पुसायची म्हणून. आई न्यायला आली होती, आणि या माणसाने भरल्या वर्गात तिला ऐकवलं — “अहो, काडी पडली तरी पोरीला पत्ता नाही! कानाच्या जागी दगड आहेत हिच्या. भांडी घासायला शिकवा.” आई त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने मान खाली घातली. व्हायोलिन यानेच घेतलं, पडत्या भावात, स्वतःच्या मुलीसाठी. तेव्हापासून घरात कुणी नुसतं गुणगुणलं तरी मी उठून जाते...

तिने तारांखालची घोडी तळव्याने दाबून धरली आणि चारही खुंट्या भराभर सोडल्या. बघ म्हाताऱ्या. तुझा उत्तम सूर तुझ्याच घरात मारते, आणि मग तोंडावर सांगते, खोकं विकतोयस.

टक्.

किती स्वच्छ ऐकू आलं! इतकं, की मेलं डोळ्यांत पाणीच आलं. तिने वर पाहिलं. मास्तर तसेच हसत होते. स्वयंपाकघराच्या दारात मात्र त्यांच्या बायकोचा हात पुसता पुसता फडक्यात थांबला होता.

तिने तारा पुन्हा आवळल्या, जमेल तसा गज ओढला. भिजक्या पुठ्ठ्यासारखा आवाज. मास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली.

“वा! कान तयार आहे हो तुमचा. कुणाकडे शिकलात?”

हेच. हेच वाक्य हवं होतं — तेव्हा, आईसमोर. आणि आता देतोय, बहिरा, शिळं, फुकटचं. सांगून टाक. कानाच्या जागी दगड... जिभेवर होतं, इतकी वर्षं धार लावून ठेवलेलं. दारातली बाई नुसती बघत राहिली, आईने तेव्हा मास्तरांकडे बघितलं होतं तशी.

“तुमच्याकडेच,” ती म्हणाली. हळू.

“काय म्हणालात?” मास्तर तळहात कानामागे धरून पुढे वाकले.

गज तारेवरच होता. पुन्हा म्हणायचं, मोठ्याने म्हणायचं, ते याला कळावं म्हणून, की दारातल्या त्या बाईला लागावं म्हणून... तिला ठरवता येईना. आणि राग — इतकी वर्षं ताठ उभा असलेला — आत कुठेतरी आडवा पडून, ती जराशी हलली तरी खुळखुळत होता.