जोडीनं नमस्कार

कैलासनं बायकोच्या फडताळातला कुंकवाचा करंडा काढून आईपुढे धरला, तेव्हा कस्तुराबाईंचे दोन्ही हात भाकरीच्या पिठात होते. फाटकाशी पाहुण्यांची गाडी येऊन थांबली होती.

कुसगावच्या डोंगरउतारावर त्यांची चार एकर जागा. मधोमध घर, मागं भाताची खाचरं. घराच्या पुढच्या दोन खोल्या कैलास शनिवार-रविवारी लोणावळ्याला येणाऱ्यांना भाड्यानं देई. जाहिरातीत त्यानं लिहिलं होतं, ‘घरच्या माउलीच्या हातचं औक्षण’. ते काम सून चैताली करायची, पण ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. आणि कैलासचे वडील, गेणूआबा, दिवाळीच्या आधीच गेले होते.

“दुखवट्याच्या घरात कोण येतंय सुट्टी घालवाय?” कैलास हळू म्हणाला. “दोन दिसांचा तर प्रश्न हाय, आई. त्यास्नी काय म्हाईत?”

नको म्हणायलाही जोर लागतो. आबा गेल्यापासून कस्तुराबाईंना ना रडू आलं होतं, ना राग. पुढ्यात येईल ते काम त्या करत होत्या.

“माजं हात भरल्यात. तूच लाव.”

कैलासनं बोट बुडवलं. आईच्या कपाळाला लावताना नजर मात्र चुलीकडं ठेवली.

पाहुणे पुण्याचे होते. शुभदाताई, त्यांचे यजमान, लेक आणि जावई. कस्तुराबाईंनी ओवाळलं, तुकडा ओवाळून टाकला. शुभदाताईंनी लगेच विचारलं, काका दिसत नाहीत ते. कैलासनं सांगितलं, डोंगराकडं गेलेत, गुरांमागं. जेवताना पुन्हा विषय निघाला तेव्हा आबा पवनेकाठच्या भावकीत पोचले होते. संध्याकाळच्या चहाला ते गावच्या सोसायटीत मीटिंगला अडकले.

“बायकोपासून दिवसभर लांब कसं राहायचं, ते शिकायला हवं त्यांच्याकडून,” शुभदाताईंचे यजमान म्हणाले. सगळे हसले. कस्तुराबाईही हसल्या.

ऐकता ऐकता त्यांना ते पटायलाच लागलं होतं. एकादशी होती, म्हणून रांधलेल्या कशाचीच चव त्यांनी घेतली नव्हती. भाकऱ्या थापता थापता त्या फाटकाकडं बघून घेत. असतील गेले कुठं. येतील. परातीत थोडं पीठ उरलं, त्याची त्यांनी आणखी एक भाकरी टाकली, आबांना लागायची तशी कडक.

रविवारी निघताना शुभदाताई खण-नारळ आणि हळदकुंकू घेऊन दारात आल्या.

“मावशी, आज लेकीच्या लग्नाचा वाढदिवस. काकांना बोलवा ना. दोघं जोडीनं तुम्हा दोघांच्या पाया पडतील, मग निघतो.”

“आबा ना, आबा…” कैलास म्हणाला आणि पुढचं गाव शोधू लागला.

कस्तुराबाईंनी नुसतं गप्प राहायचं होतं. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत आबा कुठंतरी असते. शुभदाताईंचं बोट कुंकवात बुडून त्यांच्या कपाळाशी आलं.

“आमचं मालक न्हाईत आता,” कस्तुराबाई म्हणाल्या. “दिवाळीआदी गेले.”

आबा गेल्याचं कळवायला सगळ्या नातलगांना कैलासनंच फोन केले होते. स्वतःच्या तोंडून हे वाक्य कस्तुराबाईंनी आजच ऐकलं.

शुभदाताईंचा हात तिथंच राहिला. पुढं येईना, मागं जाईना. जावई पायातल्या चपलेकडं बघत होता. माफ करा, आम्हाला कल्पना नव्हती, असं काहीतरी शुभदाताई पुटपुटल्या.

“तुमची काय चुकी, ताई? बोटाचं कुकू फुकट नगा घालवू. उंबऱ्याला लावा.”

शुभदाताई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि त्यांनी उंबऱ्याला कुंकू लावलं. खण-नारळाचं काय करावं ते न कळून तोही तिथंच ठेवला.

गाडी गेली. कैलास “आई” म्हणाला. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि समोर धरून उभा राहिला.

कस्तुराबाईंनी पदराचं टोक त्यात भिजवलं आणि कपाळ पुसायला घेतलं. आधी मधलं, मग कडेचं, जेवून उठलेल्या लेकराचं तोंड पुसावं तसं, सावकाश.