जर्दाळूच्या लाकडाची नळी

नीज गं नीज, डाळिंबाची कळी मिटली,
गाठ मी बांधली बाई, माझ्याच्यानं नाही सुटली.

हा आवाज मी आठ वर्षांची असताना ऐकला. शेळ्या टेकाडाच्या पायथ्याशी चरत होत्या, ऊन कलत होतं आणि वरून कुणी बाई अंगाई म्हणत होती. पाळणा नाही, मूल नाही, नुसती अंगाई. मी शेळ्या तिथंच टाकून पळाले. आईनं माझ्याभोवती इसिरिकचा, नजर उतरवायच्या झुडपाचा, धूर फिरवला आणि बजावलं, टेकाडाच्या पोटात जुनी माणसं आहेत, त्यांतलीच कुणी असेल, परत तिकडं फिरकू नकोस.

तेवीस वर्षांनी मी त्याच टेकाडावर कामाला गेले. लेनिनग्राडहून खोदणारी मंडळी आली होती. पुरुषांनी खणायचं, आम्ही चार बायकांनी तुतीच्या सावलीत बसून खापऱ्या धुवायच्या, वाळवायच्या, पिशवीला चिठ्ठी बांधायची. त्यांची प्रमुख लिदिया. उन्हानं नाक सोललेलं, पण खापरी अशी उचलायची की जणू पिल्लू उचलतेय. तिनं आजवर समुद्राकाठचीच गावं खणलेली. आमच्या मुलखात ती पहिल्यांदाच येत होती.

नळी सापडली जूनमध्ये, पुरुषभर खोलीवर. मुकादम एशमुमिन म्हणाला, इथली माती भुसभुशीत लागतेय, आजूबाजूची तशी नाही. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. वीतभर लाकडी नळी, एका टोकाला लांबट तोंड. सगळे जमले. एक विद्यार्थी म्हणाला बासरी असेल, दुसरा म्हणाला दिव्यात तेल ओतायची पन्हळ. लिदियानं ती उन्हाकडं धरून पाहिली. मग म्हणाली, हजार वर्षांपूर्वी इथं अग्नीची पूजा चालायची, त्या पुजाऱ्यांची ही चिलीम, हिच्यातून ते पवित्र धूर ओढत. आणि कशी ओढत ते दाखवायला तिनं नळी ओठांना लावली.

माझ्या शेजारच्या मोमोगुलनं डोकं थेट बादलीत घातलं. एशमुमिननं डोंगराकडं तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते.

आमच्याकडं तान्हं मूल पाळण्यात पट्ट्यांनी बांधून निजवतात. गादीला भोक, भोकाखाली मडकं, आणि मुलाच्या मांड्यांमधून मडक्यापर्यंत ही नळी, सुमक. अंथरूण कोरडं राहतं, मूल तासन् तास झोपतं. मुलाच्या सुमकचं तोंड वाटीसारखं गोल, मुलीच्या सुमकचं लांबट, जर्दाळूच्या बीसारखं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तरी कुणी बोललं नाही. पुरुषांसमोर त्या वस्तूचं नाव कोण काढणार? आणि दुसरीही भीती होती. दवाखान्यातली नर्स त्या वर्षी पाळण्यांवर टपलेली होती. मूल बांधून ठेवणं म्हणजे मागासलेपण, असं ती घरोघर सांगत फिरायची. त्यामुळं प्रत्येक घरातला पाळणा गोधड्यांच्या थप्पीमागं गेला होता. सरकारी कागद लिहिणाऱ्या बाईला पाळण्याची वाट कोण दाखवेल?

नळी धुवायला माझ्याकडं आली. वहीत माझं नाव लिहिलं गेलं. कोमट पाणी लागताच तिच्यातून मेंढीच्या चरबीचा वास आला. सुमक चरबीत उकळतात, म्हणजे लाकूड भिजत नाही. पण हजार वर्षांचा वास? माझ्या मनात पाल चुकचुकली. कुणीतरी ती मुद्दाम तिथं टाकली होती. थट्टा करायची हौस एशमुमिनला, म्हणून मी त्यालाच गाठलं. त्यानं भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली आणि वर मलाच म्हणाला, "वहिनी, मी टाकली असती तर मुलाची टाकली असती. ओढायला सोपी गेली असती बाईला."

संध्याकाळी मी हसत हसत ही हकीकत घरी सांगितली. सासू कणीक मळत होती. आम्ही तिला एना म्हणतो, म्हणजे आई. तिचे हात परातीत थांबले.

"मुलाची की मुलीची?" तिनं विचारलं.

"मुलीची."

ती पुन्हा कणीक मळू लागली. त्या रात्रीच्या भाकरी चिवट झाल्या.

माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत एना टेकाडावर कधी चढली नव्हती. कापसाच्या शेताला जाताना ती वळसा घालून जायची. गुडघ्यांना चढ सोसत नाही म्हणायची. आता दुसऱ्याच दिवशी ती आमच्यासाठी भाकरी आणि चक्का घेऊन वर आली. तिसऱ्या दिवशीही आली. तुझे हात मंद चालतात, खापऱ्या मी उलटते, असं म्हणून वाळवणाच्या ताटांपाशी बसू लागली. डोळे मात्र नळी ठेवलेल्या एकाच ताटावर. तेरमेज शहराच्या बाजारात तिचा भाचा जुन्या वस्तू विकायचा. मला ते आठवू नये असं वाटत होतं, पण आठवत राहिलं. तिनं पदराखाली हात नेला की माझी नजर हातामागं जायची. चौदा वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्या हातांवर मी पाळत ठेवत होते.

आठव्या दिवशी दुपारी ते ताट रिकामं होतं.

लिदिया ओरडली नाही. एशमुमिनला तिची भाषा यायची, त्याला मध्ये घालून तिनं आम्हाला सांगितलं, उद्या दुपारी ट्रक निघेल. तोवर वस्तू परत आली तर ती काही विचारणार नाही. नाही आली तर पोलीस बोलवावे लागतील आणि वहीत ज्या बाईचं नाव आहे तिला आधी जाब द्यावा लागेल. मग आमची बोचकी सोडली. माझं बोचकं मोमोगुलनं स्वतःच्या हातानं सोडलं, भाकरीसुद्धा मोडून पाहिली.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "पण धुतलीस तू, वाळवलीस तू. आम्ही काय सांगायचं?"

मी घरी पळत आले. एना चुलीपाशी बसली होती. समोर वाटीत वितळलेली चरबी आणि चरबीत ती नळी. फडक्यानं ती हळूहळू पुसत होती.

मी दारातच खाली बसले. म्हटलं, एना, उद्या दुपारपर्यंत ही परत गेली नाही तर मला चोर ठरवतील. तुझ्या नातवांना शाळेत चोरटीची पोरं म्हणतील. दे ती इकडं. तिनं दिली नाही. मी हात पुढं केला तर तिनं नळी छातीशी धरली.

"तुला तीन मुलगे," मी म्हणाले. "मुलीची नळी तुझी कशी?"

"उद्या दुपारपर्यंत वेळ आहे ना?" एवढंच ती बोलली.

सकाळी उठले तर तिचं अंथरूण घडी करून ठेवलेलं आणि तेरमेजची पहिली बस निघून गेलेली. माझ्या मनानं तिला त्या बसमध्ये बसवून टाकलं. मी एकटीच टेकाड चढले. ट्रकमध्ये खोकी चढत होती, बायका माझ्याशी बोलत नव्हत्या. आणि मग खड्ड्याच्या पलीकडून तो आवाज आला. जुना, चिरफाळलेला, पण तोच.

नीज गं नीज, डाळिंबाची कळी मिटली.

एना खड्ड्याच्या काठावर बसली होती. डोक्याला लग्नाचा रुमाल, मांडीवर नळी. माझे पाय आठ वर्षांच्या पोरीसारखे पळू पाहत होते. मी पळाले नाही. तिच्याजवळ जाऊन बसले आणि तिचं कोपर धरलं.

लिदिया आली. एशमुमिन आला, बायका आल्या. एनानं नळी लिदियाच्या हातावर ठेवली, तिची मूठ मिटली, आणि एशमुमिनला म्हणाली, मी सांगते तसं सांग तिला, एक शब्द गाळू नकोस.

"ही चोरी मी केली, माझ्या सुनेनं नाही. आणि ही चिलीम नाही, बाई. तान्ह्या पोरीच्या मुताची नळी आहे. हजार वर्षांची नाही, तीस वर्षांची. घरात ठेवली असती तर कुणीतरी दुसऱ्या लेकराला लावली असती, म्हणून मी ती इथं कोल्ह्याच्या बिळात काठीनं जाईल तितकी खोल ढकलली, वर माती भरली."

एशमुमिननं सांगितलं. सांगताना त्यानं टोपी काढली होती. लिदियानं सोललेल्या नाकावरून हात फिरवला आणि विचारलं, पोरीचं काय झालं?

"गावाला मी सांगितलं तापानं गेली. लढाईचं वर्ष होतं, घरोघर मुलं जात होती, कुणी विचारलं नाही. माझ्या मुलांनाही ठाऊक नाही." एना माझ्याकडं वळली. "तू ऐक, पोरी, तूच विचारलंस. तिचं नाव ओयसुलूव. कापूस वेचायला हाक आली, माझा माणूस लढाईवर, घरात दुसरं मोठं कुणी नाही. पडू नये म्हणून मी तिला नेहमीपेक्षा घट्ट बांधलं, हातसुद्धा. संध्याकाळी आले तेव्हा पाळण्यावरचं कापड घसरून तिच्या तोंडावर आलं होतं. ती तापानं नाही गेली. कापड बाजूला करायला तिचे हात मोकळे नव्हते. मी बांधले होते."