दिपकच्या दुकानातला डबा

शुभदाच्या मनात दिपकबद्दल पाल चुकचुकली ती सोमेशमुळे.

शुभदा बायकांच्या सल्ला केंद्रात कामाला होती. कुणाला कधी, कुठं भेटायचं ते ती डायरीत ठेवायची, पण ही डायरी कागदाची नव्हती. असल्या गोष्टी परक्या कंपनीच्या ताब्यात नकोत म्हणून मावसभाऊ दिपकनं आपल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात चपलांच्या खोक्याएवढा एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवला होता. डायरी त्यावर कुलूपबंद पडून असे. कुठल्याही फोनवर तिचं पान उघडायचं, पासवर्ड दिला की सगळं वाचता यायचं, नाही दिला तर नुसता अक्षरांचा भुसा. आपल्यालाही भुसाच दिसतो, असं दिपक छातीठोकपणे सांगायचा.

मग एका मंगळवारी ती केंद्रात मदत मागायला आलेल्या दीक्षाला भेटायला कंबर तलावाच्या बागेत गेली, तर फाटकाशी दीक्षाचा नवरा सोमेश उभा. यानंच दीक्षाचा हात मोडला होता, म्हणून ती लपून राहत होती. नशीब, शुभदानं रिक्षातूनच त्याला पाहिलं आणि रिक्षा पुढं घ्यायला लावली. ही भेट डायरीखेरीज कुठंच नोंदलेली नव्हती. सोमेश शुभदाच्या नवऱ्याच्याच गोदामात कामाला, म्हणून तिनं घरात दीक्षाचं नावही कधी काढलं नव्हतं.

ती तडक दुकानात गेली. दिपक भोळा, नको तेवढं खरं बोलून बसला.

"कुलूप पक्कं हाय ताई. पण पासवर्ड मागणारं पान माज्या मशीनवरनं येतं. मनात आणलं तर त्या पानातच पासवर्ड टिपणारा चोर बसवता येतो. मी बसवला न्हाय."

शुभदानं त्यातलं मधलंच तेवढं ऐकलं. सोमेशच्या भावाचा फोन यानंच दुरुस्त केला होता, हेही तिला आठवलं. घरी ती दिपकच्या नावानं बोटं मोडू लागली. नागनाथ, तिचा नवरा, भाकरी मोडत हं हं करत राहिला.

दुसऱ्या दिवशी दिपक तो कॉम्प्युटरचा डबा घेऊन घरीच आला आणि टीव्हीशेजारी त्यानं तो जोडून दिला.

"आता पान बी तुज्याच घरातनं येईल. पासवर्ड बदल. मी तोंड फिरवतो."

तो खरंच भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. नागनाथ चहाचे कप मांडत होता. शुभदानं पासवर्ड टाकला. टायपिंगच्या क्लासात मास्तर प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायला लावत. तेव्हापासून ओठ हलल्याशिवाय तिची बोटं हलत नसत. नागनाथ तिला घरातला रेडिओ म्हणून चिडवायचा.

तरी तिनं परीक्षा पाहायची ठरवली. खोटीच नोंद केली: शुक्रवारी सकाळी, दीक्षा, सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्या. आता डबा दिपककडं नव्हता; कुणी आलं नाही, तर चोर तोच. कुणी येऊ नये असंच तिला वाटत होतं.

शुक्रवारी ती फुलवालीच्या आडोशाला उभी राहिली. सोमेश आला. केस विंचरलेले, हातात गजरा. डबा आता शुभदाच्याच घरात होता, आणि त्या घरात माणसं दोनच.

सुट्टी म्हणून घरी असलेला नागनाथ जेवत होता. ती ओरडली नाही.

"माझा पासवर्ड सांगा."

त्यानं घास खाली ठेवला आणि एकेक अक्षर म्हणून दाखवलं, अगदी तिच्याच चालीत.

"सोमेश लई हात जोडत हुता," तो म्हणाला. "एकदा बोलू दे म्हणला. मला वाटलं, संसार जुळंल."

"हात मोडलाय त्यानं तिचा."

"एकदाच की," नागनाथ म्हणाला.

एवढी वर्षं आपण कुणाच्या ताटात वाढतोय, असं तिला झालं. तिनं डब्याची वायर उपसली, डबा कडेवर घेतला आणि दुकान गाठलं.

दिपकनं काय बिघडलं म्हणून विचारलं. त्याच्या नजरेला नजर देताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हितंच राहू दे," ती म्हणाली. "तुज्याकडंच."

त्यानं डबा जोडला आणि न सांगताच भिंतीकडं तोंड फिरवलं. शुभदानं पदराचं टोक दातात घट्ट धरलं आणि नवा पासवर्ड टाकायला घेतला.