दोन्हीकडून किल्ली लागणारं कुलूप

सदतीस वर्षं मी लोकांची कुलपं दुरुस्त केली आणि त्यांना फुकटचे सल्ले दिले. राहत्या घराचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, हा माझा नियम. कुणी दोन्हीकडून किल्ली लागणारं कुलूप मागितलं की मी त्याला झापायचो. "आत माणसं राहतात की कोंबड्या?" असं एका साहेबाला तोंडावर विचारलं होतं. आणि गेल्या महिन्यात तसलंच कुलूप मी माझ्याच दाराला बसवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बायकोला दोन वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. गेल्या महिन्यात माझा दुपारी डोळा लागला आणि ती अनवाणी बाहेर पडली. सापडली ती मोठ्या रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी गाड्या चाललेल्या. दुसऱ्याच दिवशी मी कुलूप बसवलं, आतली कडी काढून टाकली आणि एकुलती एक किल्ली खिशात ठेवली. तेव्हापासून ती दाराशी बसून असते.

आज सकाळी तिच्या गोळ्या संपल्या. दूध मंद गॅसवर ठेवून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दहा मिनिटांत परत आलो तर किल्ली आत जाईना. वाकून भोकाला डोळा लावला. तिनं आतून केसांचा आकडा घातला होता आणि तो तुटून अडकला होता. काढायला माझ्याकडे काहीच नव्हतं. हत्यारांची पेटी आत, पलंगाखाली.

"अगं, आधी गॅस बंद कर!" मी ओरडलो.

"कोण आहे?"

"मी आहे, मी!"

"मी म्हणजे कोण?"

"अगं, तुझा नवरा!"

आतून खुर्ची ओढत आणून दाराला टेकवल्याचा आवाज.

"मग तर मुळीच नको," ती म्हणाली. "जा तुम्ही."

दूध करपल्याचा वास यायला लागला. मी दाराला लाथा घातल्या. शेजारी कामावर गेलेले, जिना रिकामा. दार हललंसुद्धा नाही. बिजागऱ्याही मीच बदलल्या होत्या ना, चांगल्या जाड! मला तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली, मग तिथंच पायरीवर बसून मी रडलो. दूध उतू जाऊन गॅस विझला तर काय, हे कळत होतं आणि हात रिकामे होते.

शेवटी डोळे पुसले, आवाज बदलला आणि दारावर टकटक केली.

"बाई, कुलूपवाला आलोय."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. तिला मी 'बाई' कधी म्हटलं नव्हतं.

"अगंबाई! केव्हाची वाट बघतेय," ती म्हणाली. खुर्ची बाजूला झाली.

"आधी शेगडी बंद करा. बटण उजवीकडे फिरवा."

पावलं गेली आणि परत आली. "केली बंद. पुढे?"

"शिवणाच्या डब्यात बारीक चिमटा असेल. त्यानं आकडा सरळ बाहेर ओढा. घाई नको."

तिनं घाई केली नाही. तिचा हात पहिल्यापासून माझ्यापेक्षा स्थिर. आकडा निघाला, किल्ली आत गेली, दार उघडलं.

ती बाहेर जायचे कपडे घालून उभी होती. खांद्याला पिशवी, तिच्यात एक टॉवेल आणि टीव्हीचा रिमोट.

"बरं झालं आलात," ती हळूच म्हणाली. "माझा नवरा मला कोंडून ठेवतो. स्वभावानं वाईट नव्हता हो. कसा असा झाला कोण जाणे. तो यायच्या आत मला घरी सोडाल?"

मी दार आतून ओढून घेतलं आणि पलंगाखालची पेटी काढली.

"आधी कुलूप नीट करू या, बाई."

कुलूप खोललं. आकड्याचा उरलेला तुकडा काढला, आतली पट्टी वाकली होती ती सरळ केली. ती शेजारी बसली आणि न सांगता तळहात पुढे केला. माझं कुलपांचं दुकान नवं होतं तेव्हा ती अशीच स्क्रू धरून बसायची. आजही तिनं क्रम चुकवला नाही, लांब आधी, आखूड नंतर.

"आता हे आतून उघडेल ना?" तिनं विचारलं.

"उघडेल," मी म्हणालो.

तिनं शेवटचा स्क्रू माझ्या हातात दिला. मी तो घट्ट आवळला, किल्ली फिरवून पाहिली, दार लागलंय याची खात्री केली आणि किल्ली खिशात टाकली.

ती उठली, पिशवी खांद्यावर सरळ केली आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

"चला आता, कुलूपवाले," ती म्हणाली. "तो येईल एवढ्यात."